आधी मरण मागे हटलं, मग पाळणे कमी झाले

लोकसंख्येबद्दल हल्ली दोन उलट गोष्टी ऐकू येतात. एप्रिल 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार भारताने चीनला मागे टाकलं आणि लोकसंख्येचा स्फोट झाला म्हणून पुन्हा आरडाओरड झाली. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 2024 मध्ये, आंध्रचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांनी लोकांना जास्त मुलं होऊ द्या असं आवाहन केलं. डिसेंबरमध्ये नागपुरात सरसंघचालक मोहन भागवत यांनी दोनपेक्षा जास्त, म्हणजे तीन मुलं हवीत, असं मत मांडलं. माणसं फार झाली की कमी पडायला लागली?

गावात बघावं तर जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट विसाच्या खाली आलाय. दिवाळीनंतर कापूस वेचायला बाया मिळत नाहीत, दुसऱ्या गावाहून गाडी करून आणाव्या लागतात. आणि तरीही नागपूरच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. यातलं काहीच खोटं नाही. हे सगळं एकाच लांबलचक बदलाचे तुकडे आहेत. जगातल्या जवळजवळ प्रत्येक देशात हा बदल झाला किंवा होतोय. अभ्यासक त्याला लोकसंख्येचं संक्रमण म्हणतात: जास्त जन्म आणि जास्त मृत्यू या जुन्या स्थितीतून कमी जन्म आणि कमी मृत्यू या नव्या स्थितीकडे जाणं. मधल्या काळात काय होतं हे कळलं की वरची भांडणं बरीचशी निवळतात.

हजार माणसांचं गाव धरा

जन्मदर म्हणजे वर्षभरात हजार लोकसंख्येमागे झालेले जन्म. मृत्युदर तसाच, हजारामागे मृत्यू. तिसरा शब्द प्रजनन दर: एका बाईला आयुष्यभरात सरासरी किती मुलं होतात तो आकडा. बस, एवढ्या तीन शब्दांवर काम भागतं.

आता हजार वस्तीचं एक गाव समोर ठेवा. 1911 ते 1921 या दहा वर्षांत भारताचा जन्मदर सुमारे 48 होता आणि मृत्युदर सुमारे 47. म्हणजे वर्षाला 48 पाळणे हलायचे आणि 47 तिरड्या उठायच्या. घरोघर बाळंतपणं चाललेली, पण गाव तेवढंच. 1950 च्या दशकात तेच गाव बघा: जन्म 42 च्या आसपास, मृत्यू 23. दर वर्षी 19 माणसं वाढली. ही गती टिकली तर छत्तीस-सदतीस वर्षांत गाव दुप्पट होतं. आणि 2020 मध्ये? जन्म 19.5, मृत्यू 6.

तेव्हा लोकसंख्या वाढली ती लोक जास्त मुलं जन्माला घालायला लागले म्हणून नाही. मुलं पूर्वीपेक्षा कमीच होत गेली. माणसं मरायची थांबली, म्हणून वाढली. माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी सांगितली गेलेली गोष्ट हीच आहे.

कोतवाल बुकातली पानं

जातीच्या दाखल्यासाठी ज्यांनी तहसील कचेरीच्या चकरा मारल्या आहेत त्यांना कोतवाल बुक ठाऊक असतं. मध्यप्रांत-वऱ्हाडात गावात कोण जन्मलं, कोण मेलं याची खबर कोतवाल किंवा पाटील वर पोचवायचा आणि त्याची नोंद व्हायची. तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. आज लोक त्यात आपल्या पणजोबाची जात शोधतात. पण एकदा मृत्यूचे रकाने सलग वाचून बघावेत. वय एक महिना, कारण ताप. वय दोन वर्षं, कारण ताप. मग देवी, पटकी (कॉलरा), हगवण. ताप या एका शब्दात हिवतापही यायचा आणि न्यूमोनियाही, कारण तपासणारं कुणी नव्हतंच. घरात चार-पाच लेकरं मातीत गेलेली आणि दोन-तीन जगलेली, हे त्या काळात नवल नव्हतं.

त्यात अधूनमधून मोठा तडाखा बसायचा. 1896-97 चा दुष्काळ, पाठोपाठ 1899-1900 चा. वऱ्हाडची लोकसंख्या 1891 मध्ये सुमारे 28.97 लाख होती, 1901 मध्ये ती 27.54 लाखांवर आली. रेल्वे आलेली होती, अमरावती-खामगावचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत जात होता, आणि तरी दहा वर्षांत माणसं घटली. मग 1918 ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ. भारतात एक कोटीहून जास्त माणसं गेली, आणि मध्यप्रांत-वऱ्हाड हा सर्वांत जास्त होरपळलेल्या भागांपैकी एक होता. 1921 च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा किंचित कमी भरली. तसं पुन्हा कधी घडलं नाही. म्हणून 1921 ला मोठ्या दुभाजकाचं वर्ष म्हणतात.

अशा जगात सात-आठ बाळंतपणं हा अडाणीपणा नव्हता. दोन हात म्हातारपणी आधाराला उरावेत एवढाच तो हिशेब होता.

मरण कुणी मागे हटवलं?

युरोपात हे आधी घडलं. स्वीडनमध्ये चर्चच्या पाद्र्यांनी ठेवलेल्या नोंदी 1749 पासून देशभर गोळा केल्या गेल्या, म्हणून तिथली कहाणी नीट दिसते. मृत्यू कमी होण्याचं श्रेय तिथे परंपरेने शांतता, देवीची लस आणि बटाटा या तिघांना देतात. लढाया थांबल्या, साथ अडली, पोटाला मिळालं. यात कारखान्याचं नाव नाही, हे लक्षात ठेवा.

उलट इंग्लंडमध्ये कारखान्यांची शहरं सुरुवातीला खेड्यांपेक्षा जास्त जीवघेणी होती. लिव्हरपूल, मँचेस्टरच्या दाट वस्त्यांत मजुरांचं सरासरी आयुष्य गावाकडच्या माणसापेक्षा कमी भरायचं. कारखान्यांनी पैसा आणला खरा, पण माणसं जगू लागली ती गटारं बांधल्यावर, नळाचं पाणी शुद्ध झाल्यावर आणि 1854 मध्ये लंडनमध्ये पटकी पाण्यातून पसरते हे जॉन स्नो या डॉक्टरने दाखवून दिल्यावर. औद्योगिकीकरण आणि आयुष्य यांच्यामध्ये नगरपालिका उभी आहे. ती नसेल तर नुसता धूर वाढतो. हे चंद्रपूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे हा बदल उशिरा आला आणि झपाट्याने आला, कारण औषधं आयती मिळाली. युरोपला जे शोधायला शंभर-दीडशे वर्षं लागली ते आपल्याला तयार हातात आलं. 1953 मध्ये देशभर हिवतापविरोधी मोहीम सुरू झाली, घराघरांत फवारणी झाली. देवीचा भारतातला शेवटचा रुग्ण 1975 मध्ये सापडला. सार्वजनिक वाटपाचं धान्य, विहिरीत टाकलेली जंतुनाशक पावडर, लसीकरण, जुलाब झाल्यावर मीठ-साखरेचं पाणी. कोणत्याही गिरणीपेक्षा याने जास्त जीव वाचवले.

गडचिरोलीचं उदाहरण इथे थोडं जवळून बघायला हवं. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 1986 मध्ये तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. लहान लेकरं सर्वांत जास्त न्यूमोनियाने जातात हे दिसलं. पण न्यूमोनिया ओळखायला श्वास मोजावे लागतात, आणि गावच्या दाईला दहाच्या पुढे मोजता येत नसेल तर? म्हणून मण्यांचं एक साधन तयार केलं. शेजारी एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत धोक्याचा मणी आला तर औषध सुरू करायचं. पुढे 39 गावांत आरोग्यदूत बायांना नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवलं: वजन करणं, ऊब देणं, अंगावर पाजायला लावणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले होते. 1999 मध्ये हा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी वजनकाटा घेऊन येते त्या कामाचं मूळ इथे आहे. कारखाना नाही, मोठं इस्पितळ नाही, आणि तरी लेकरं जगली.

मग पाळणे लगेच का थांबले नाहीत?

कारण विश्वास बसायला एक पिढी जाते. मृत्यू कमी झाल्याचं आकडे लगेच सांगतात, आई मात्र आपल्या सासूचं घर बघून ठरवते. "दोन जगतीन का नाही, कोन सांगावं," हे जुन्या बायांचं म्हणणं त्यांच्या डोळ्यांदेखत गेलेल्या लेकरांतून आलेलं होतं. मृत्यू आधी घटतात आणि जन्म मागाहून. मधल्या काळात दोन्हींतलं अंतर रुंदावतं आणि लोकसंख्या उसळते. इंग्लंडमध्ये हजारी 35 च्या आसपास असलेला जन्मदर 1870 च्या दशकापासून घसरायला लागला आणि 1930 च्या दशकात 15 वर आला. दक्षिण कोरियात 1960 मध्ये बाईमागे सहा मुलं होती. तिथे पाव शतकाच्या आत ती दोनवर आली. जो देश उशिरा निघतो तो जास्त वेगाने उतरतो.

महाराष्ट्रात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 1992-93 मध्ये प्रजनन दर 2.9 च्या आसपास होता. 2019-21 मध्ये तो 1.7. देशाचा आकडा याच काळात 3.4 वरून 2.0.

लेकरं जगायला लागली हे पहिलं कारण. दुसरं कारण मुलीची शाळा. दहावी-बारावी झालेल्या मुलीचं लग्न चार-सहा वर्षांनी पुढे जातं, पहिलं मूल उशिरा होतं आणि सासरी तिच्या शब्दाला वजन येतं. तिसरं कारण शेतकरी घरात रोज दिसतं. पूर्वी आठ वर्षांचं पोरगं बकऱ्या चारायचं, दहा वर्षांची पोरगी आईसोबत पऱ्हाटीत कापूस वेचायची. लेकरू म्हणजे वावरात आणखी दोन हात. आता तेच लेकरू यवतमाळ-अमरावतीत खोली करून राहतं, शिकवणी, फी, मेस, मोबाईल. आणि वावर तर वाढत नाही. दहा एकराचे चार भावांत वाटे पडले की अडीच-अडीच एकर येतं, त्यात पाऊस गेला की सोयाबीनही जातं. ज्याने बापाच्या वाटणीत स्वतः अडीच एकर घेतलं तो चार मुलांचा विचार करत नाही. त्याला कोणी भाषण द्यावं लागलं नाही.

चौथी गोष्ट बायांच्या शरीरावर झाली आहे आणि ती झाकून ठेवू नये. कुटुंब नियोजनाचा सरकारी कार्यक्रम भारतात 1952 मध्ये सुरू झाला. आणीबाणीत पुरुष नसबंदीची जबरदस्ती झाली, 1976 मध्ये महाराष्ट्राने सक्तीचं विधेयकही मंजूर केलं, ते अमलात आलं नाही. त्यानंतर पुरुषांनी जी पाठ फिरवली ती फिरवलीच. आज महाराष्ट्रात विवाहित बायांपैकी निम्म्याच्या आसपास बायांचं ऑपरेशन झालेलं आहे, आणि पुरुष नसबंदीचं प्रमाण शंभरात एकही भरत नाही. जन्मदर खाली आला त्याची सगळी किंमत पंचविशीतल्या बायकांनी टाक्यांवर मोजली. पुरुषांचं ऑपरेशन जास्त सोपं असताना हे असं आहे. मला हे अन्यायाचं वाटतं.

"पण आमच्याकडे कारखाने आलेच कुठे?"

हा आक्षेप रास्त आहे. पुस्तकात असतं, देशाचं औद्योगिकीकरण झालं की जन्मदर पडतो. विदर्भात 1877 मध्ये नागपूरला टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, हिंगणघाट, पुलगाव, अचलपूर, बडनेऱ्यात गिरण्या झाल्या. त्या चालू होत्या तेव्हा जन्मदर चढाच होता. पुढे यातल्या बऱ्याच बंद पडल्या, आणि जन्मदर पडला तो नेमका त्याच काळात.

जगातही हे जुळत नाही. फ्रान्समध्ये जन्म कमी व्हायला लागले ते कारखाने यायच्या आधी, अठराव्या शतकाच्या शेवटी. केरळात मोठे उद्योग नसताना 1980 च्या दशकाच्या शेवटी प्रजनन दर दोनच्या जवळ आला होता. बांगलादेशात 1970 च्या दशकात बाईमागे जवळपास सात मुलं होती, आज सव्वादोनच्या आसपास. तिथे कपड्यांचे कारखाने आले हे खरं, पण जन्मदर त्याआधीच उतरणीला लागला होता, कारण घरोघर जाऊन गोळ्या देणाऱ्या बाया होत्या. तेव्हा उद्योगाचा संबंध आहे, पण आडवळणाने. उद्योगातून पैसा येतो, पैशातून शाळा-दवाखाने होऊ शकतात. ते थेट केले तर कारखान्याची वाट बघावी लागत नाही.

"दोनच मुलं, तर लोकसंख्या वाढते कशी?"

एका पिढीची जागा पुढच्या पिढीने भरून काढायला बाईमागे 2.1 मुलं लागतात. दोन मुलं आई-बापाची जागा घेतात. वरचं 0.1 यासाठी की काही मुली आई होण्याच्या वयापर्यंत पोचत नाहीत आणि मुलींपेक्षा मुलगे निसर्गतःच थोडे जास्त जन्मतात. गर्भातच मुली मारल्या गेल्या तर हा आकडा आणखी वर जातो.

देश 2.1 च्या खाली आला, तरी वाढ चालू आहे. वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागेवरून हे समजतं. एखाद्याने दहा वर्षं दरसाल शंभर कलमं लावली आणि मग दरसाल पन्नासच लावायला लागला, तर त्याचं उत्पन्न लगेच निम्म्यावर येतं का? नाही. कलमाला फळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात, म्हणून आधी लावलेली झाडं एकेक करून बहरात येत राहतात आणि तोड वाढतच जाते. वाढ थांबते ती ही झाडं बहरून झाल्यावर. आणि मग ती सगळी जवळपास एकदमच म्हातारी होतात. 1980-90 च्या दशकांत जन्मलेली मोठी पिढी आत्ताआत्तापर्यंत आई-बाप होत होती. प्रत्येकीला दोनच झाली, पण आयाच इतक्या होत्या की एकूण जन्म भरपूर.

जिथे कलमं लावणं लवकर कमी झालं तिथे फरक दिसतोच. 2001 ते 2011 या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे 16 टक्क्यांनी वाढली, वर्धा जिल्ह्याची फक्त 5.2 टक्क्यांनी, भंडाऱ्याची 5.7. यात पोटासाठी नागपूर-पुण्याला गेलेल्यांचाही वाटा आहे, सगळं श्रेय लहान कुटुंबाला देता येणार नाही.

"अमक्या समाजात जास्त मुलं होतात, त्याचं काय?"

हे कुजबुजून विचारलं जातं, म्हणून मोकळेपणाने उत्तर द्यावं. 1992-93 मध्ये देशात हिंदू बाईमागे 3.3 मुलं होती, मुस्लिम बाईमागे 4.4. 2019-21 मध्ये हिंदू 1.9, मुस्लिम 2.4. अंतर निम्म्याच्याही खाली आलं, आणि घसरण मुस्लिम समाजात जास्त झाली. उतार एकच आहे, कोणी थोडं आधी निघालं, कोणी मागून. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे घरात अजून जास्त लेकरं दिसतात, त्याचंही उत्तर तिथल्या बालमृत्यूंमध्ये आहे. ज्या आईने कुपोषणात लेकरू गमावलं तिला लहान कुटुंबाचा मंत्र सांगण्याआधी तिचं पुढचं लेकरू जगवावं लागतं.

"मग आता तीन मुलं होऊ द्यावीत का?"

ज्यांना तीन हवीत त्यांना जरूर व्हावीत, तो त्या घराचा प्रश्न. पण सांगून जन्म वाढत नाहीत, हे कोरियाने दाखवलंय. तिथल्या सरकारने प्रचंड पैसा ओतला, आणि 2023 मध्ये प्रजनन दर 0.72 वर गेला. घरं महाग, नोकरीत बाईला बाळंतपणाची शिक्षा, घरकामात नवऱ्याचा हात नाही. यातलं काही बदललं नाही तर आवाहनाने काय होणार?

आपल्याकडे धोरणांचंच पटत नाही. महाराष्ट्रात सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही असा नियम केला गेला, आणि आज व्यासपीठावरून तीन मुलांची हाक येते. बाईच्या कुशीला एकदा लगाम आणि एकदा चाबूक, दोन्ही तिला न विचारता. जन्मदर पडला तो शाळा, लस आणि दवाखान्यामुळे. सक्तीमुळे नाही.

म्हाताऱ्यांचं गाव

खरी चिंता वेगळीच आहे. मृत्युदर आता 6 च्या आसपास आहे, पण तो याहून फार खाली जाणार नाही, उलट वाढेल. जपानमध्ये तो 11 च्या वर आहे. तिथे आरोग्य वाईट म्हणून नव्हे, म्हातारी माणसं जास्त म्हणून. आपणही तिकडेच निघालो आहोत. 2011 मध्येच महाराष्ट्रात साठीच्या वरची माणसं 9.9 टक्के होती. आणि जपान आधी श्रीमंत झाला, मग म्हातारा. विदर्भातलं गाव श्रीमंत व्हायच्या आधीच म्हातारं होतंय, कारण तरुण पुण्याला, हैदराबादला गेलेत आणि मागे आई-बाप आणि कुलूपबंद खोल्या.

पूर्वी चार लेकांत म्हातारपण वाटलं जायचं. आता एकच मुलगा, तो पुण्यात, आणि मुलगी दिल्या घरी. पाय मोडला तर दवाखान्यात कोण नेणार? प्राथमिक आरोग्य केंद्राची सगळी घडी गर्भवती आणि बाळांभोवती बसलेली आहे. तिथे आता रक्तदाब, साखर, मोतीबिंदू आणि अंथरुणाला खिळलेल्यांची घरपोच सेवा हवी. श्रावणबाळ योजनेत 65 वर्षांवरच्या गरजूला महिन्याला 1500 रुपये मिळतात, तेही कधी दोन-तीन महिने थकतात. औषध, दूध आणि रिक्षा यात ते आठवडाभर पुरत नाहीत. आशाताई बाळाच्या घरी ठरलेल्या दिवशी जाते, तिला तसं एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याच्या घरीही जाता यायला हवं. त्या फेरीचे वेगळे पैसे देऊनच, फुकट नाही. 2027 च्या जनगणनेत गावोगावचा वयाचा हिशेब निघेल. साठीच्या वर किती, त्यात एकट्या बाया किती, हे आकडे ग्रामसभेत मागून घ्यावेत आणि गावाचा आरोग्य आराखडा त्यावर करावा.